धाकट्याची अँटिबॉडी तपासणी करावी का? (टाइप १, बीटा पेशी, सी-पेप्टाइड वगैरे)

निशिगंध

नमस्कार मंडळी. थोरली लेक नऊ वर्षांची, टाइप १ मधुमेह. इन्सुलिन, ग्लुकोमीटर, डब्यातल्या पोळ्यांचं गणित हे आता घरात मुरलंय, त्यामुळे तो विषय नाही. विषय धाकट्याचा. पाच वर्षांचा आहे, ठणठणीत, दिवसभर उड्या मारतो. गेल्या भेटीत डॉक्टर जाता जाता म्हणाल्या, "धाकट्याच्याही अँटिबॉडी करून घ्यायच्या का, विचार करून ठेवा."

घरात लगेच दोन तट. नवरा म्हणतो करून टाकू. सासूबाई म्हणतात, चांगल्या पोराला कशाला सुया टोचता. मी अधेमधे.

या तपासणीतून नेमकं काय कळतं? कळलं तर करायचं काय? आणि इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मरायला लागल्या की त्यांचा डीएनए रक्तात येतो आणि तो पकडता येतो असं वाचलं, ते खरं असेल तर थेट तीच तपासणी का करत नाहीत?

नाशिकचा लॅबवाला

ताई, बायोकेमिस्ट्रीच्या बाकावर आयुष्य गेलं म्हणून लिहितोय. डॉक्टर नाही मी, तेव्हा निर्णय तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच.

इथे तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत आणि लोक त्यांची खिचडी करतात. शरीराचा स्वतःच्या बीटा पेशींवर, म्हणजे स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर, हल्ला सुरू झालाय का, ही एक. त्या पेशी आज किती इन्सुलिन करू शकतात, ही दुसरी. आणि आत्ता, या घडीला त्या मरताहेत का, ही तिसरी. पहिलीचं उत्तर अँटिबॉडी देतात, दुसरीचं सी-पेप्टाइड. तिसरीचं उत्तर आज कुठल्याच लॅबच्या रेटकार्डावर नाही.

आज फक्त अँटिबॉडींचं लिहितो. १९७४ साली लंडनमध्ये बोत्ताझ्झो, फ्लोरिन-क्रिस्टेनसन आणि डोनियाक यांनी मधुमेहींच्या रक्तात आयलेट पेशींना (बीटा पेशी ज्या पुंजक्यांत असतात ते आयलेट) चिकटणाऱ्या अँटिबॉडी दाखवल्या. त्या वेळी माणसाच्या स्वादुपिंडाचे पातळ काप घेऊन त्यावर रुग्णाचं सीरम टाकायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली चमक बघायची, असा उद्योग होता. आता नेमक्या कुठल्या प्रथिनाविरुद्ध ते कळतं: जीएडी-६५, आयए-२, झिंक ट्रान्सपोर्टर ८ (ही अगदी अलीकडची, २००७ ची) आणि खुद्द इन्सुलिन. इन्सुलिनविरुद्धची अँटिबॉडी लहान मुलांत बरेचदा सगळ्यांत आधी दिसते. पण एकदा इन्सुलिन टोचायला लागलं की टोचलेल्या इन्सुलिनविरुद्धही अँटिबॉडी होतात, मग तिचा काही उपयोग उरत नाही. म्हणजे तुमच्या लेकीत ती बघण्यात अर्थ नाही, धाकट्यात आहे.

या अँटिबॉडी बीटा पेशींना मारत नाहीत बरं का. मारतात त्या टी-पेशी, म्हणजे शरीराच्या संरक्षक पेशी. अँटिबॉडी हा चोर नव्हे, पंचनामा आहे. पण पंचनामा झालाय म्हणजे काहीतरी घडलंय, हे नक्की.

पंचनाम्यावर किती सह्या, म्हणजे किती प्रकारच्या अँटिबॉडी, आहेत त्यावर सगळं अवलंबून. कोलोरॅडो, फिनलंड आणि जर्मनीतल्या जन्मापासून पाठपुरावा केलेल्या मुलांचा एकत्रित अभ्यास २०१३ मध्ये आला. दोन किंवा जास्त अँटिबॉडी असलेल्या मुलांपैकी सुमारे ७० टक्क्यांना दहा वर्षांत मधुमेह झाला. एकच असलेल्यांत हाच आकडा १५ टक्क्यांच्या आसपास. एक आणि दोन यांत जमीनअस्मानाचा फरक आहे.

शिवाय 'पॉझिटिव्ह'ची रेषा बहुतेक ठिकाणी अशी आखतात की शंभर निरोगी माणसांतला एखादा तिच्यावर जाणारच. त्यामुळे फक्त जीएडी, तीही रेषेच्या जरा वर, असा रिपोर्ट हातात आला तर रडारड करायची नाही. काही आठवड्यांनी नवा नमुना द्यायचा, शक्यतो वेगळ्या पद्धतीने करून घ्यायचं. बाकी उसंत मिळाली की लिहितो.

टोणगा

काका, माहिती उत्तम. पण मूळ मुद्दा राहिलाच. ज्या रोगाला प्रतिबंध नाही त्याची आगाऊ बातमी काढून करायचं काय? पाच वर्षांच्या पोराच्या डोक्यावर दहा वर्षं तलवार टांगून ठेवायची? सासूबाईंना माझं अनुमोदन.

चकली

वाचतेय. माझा अनुभव वेगळा आहे, रात्री लिहिते.

रानवारा

मी बालरोगतज्ज्ञ, विदर्भातल्या एका जिल्ह्याच्या गावी. टोणगा, तुमचा प्रश्न रास्त आहे. पण तो विचारताना एक गोष्ट गृहीत धरलीय: मधुमेह आला की तो शांतपणे येतो आणि आपण शांतपणे इन्सुलिन सुरू करतो. आमच्याकडे तसं होत नाही.

आमच्याकडे मूल येतं ते उलट्या आणि पोटदुखी घेऊन. आधी कुणीतरी ॲसिडिटीचं औषध दिलेलं असतं. श्वास जोरजोरात चालतोय म्हणून कुणी वाफ दिलेली असते. आई सांगते, आठवडाभर रात्री उठून तांब्याने पाणी पितोय, अंथरूण ओलं करायला लागलाय, मोरीत मुंग्या झाल्यात. साखर मोजली की ५००च्या पुढे, लघवीत कीटोन भरपूर. हा डीकेए (डायबेटिक कीटोॲसिडोसिस): इन्सुलिनअभावी कीटोन साचून रक्त आम्लधर्मी होतं. यातून मुलं वाचतात, पण सगळी नाही. आणि जी वाचतात त्यांनीही आयसीयू बघितलेलं असतं.

दोन अँटिबॉडी आहेत हे आधी माहीत असेल तर आई ग्लुकोमीटर घेऊन बसलेली असते. पहिल्या तहानेला साखर मोजते, दुसऱ्या दिवशी ओपीडीत येते. माझ्या दृष्टीने तपासणीचा आजचा सगळ्यात मोठा फायदा हाच. बाकी सगळं नंतर.

२०१५ पासून टाइप १ चे टप्पे मांडले जातात. पहिला: दोन किंवा जास्त अँटिबॉडी, साखर अगदी नॉर्मल. दुसरा: अँटिबॉडी आहेतच, शिवाय साखर डळमळायला लागलीय, म्हणजे उपाशीपोटी १०० ते १२५ किंवा ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी १४० ते १९९. तिसरा म्हणजे आपण ज्याला मधुमेह म्हणतो तो. पहिल्या टप्प्यातल्या मुलांपैकी पाच वर्षांत साधारण ४४ टक्के तिसऱ्यात जातात, दुसऱ्यातल्या साधारण ७५ टक्के.

निशिगंध, घाबरू नका म्हणून हेही लिहितो: सख्ख्या भावंडाचा धोका पाश्चात्त्य आकड्यांप्रमाणे पाचेक टक्के आहे. म्हणजे बहुतेक धाकट्यांना काही होत नाही.

म्युनिककर

आमच्या लेकीची ही तपासणी झालीय, म्हणून लिहिते. इथे जर्मनीच्या बव्हेरिया राज्यात २०१५ पासून 'फ्रीडा' नावाचा कार्यक्रम चालू आहे. मुलांच्या नेहमीच्या तपासणीला गेलं की बालरोगतज्ज्ञच विचारतात, बोटाला टोचून थोडं रक्त घेतात, बस. घरात कुणाला मधुमेह असण्याची अट नाही. टाइप १ होणाऱ्या दहातल्या जवळजवळ नऊ मुलांच्या घरात आधी कुणालाच नसतो, त्यामुळे फक्त भावंडं तपासून बहुसंख्य मुलं सुटतातच.

२०२० मध्ये त्यांचे आकडे आले: ९०,६३२ मुलं तपासली, २८० मुलांत लक्षणांआधीचा टाइप १ सापडला. म्हणजे ०.३१ टक्के. त्यातल्या ज्या मुलांना पुढे प्रत्यक्ष मधुमेह झाला त्यांच्यातल्या अगदी मोजक्यांना डीकेए झाला, तीन टक्क्यांच्या आसपास. एरवी जर्मनीत निदानाच्या वेळी डीकेए असणाऱ्या मुलांचं प्रमाण वीस टक्क्यांच्या वर आहे.

टोणगा, तुमच्या तलवारीचंही त्यांनी मोजमाप केलंय. पॉझिटिव्ह मुलांच्या आयांचा ताण सुरुवातीला वाढलेला होता, वर्षभरात तो उतरला. उतरला म्हणजे गेला असं नाही. पण नुसती बातमी हातात देऊन त्यांनी कुणाला सोडलं नाही. प्रशिक्षण, फोन करायला माणूस, ठरावीक तपासण्या हे सगळं सोबत होतं. तसं काही नसेल तर ही तपासणी करण्यात राम नाही, असं माझं मत.

इटलीने तर २०२३ मध्ये कायदाच केला. १ ते १७ वर्षांच्या मुलांची टाइप १ आणि सीलिॲक (गव्हातल्या ग्लूटेनमुळे होणारा आतड्याचा आजार) या दोन्हींसाठी देशभर तपासणी.

टोणगा

बव्हेरियात फोन करायला माणूस आहे. आपल्याकडे पीडीएफ व्हॉट्सॲपवर येते आणि लाल अक्षरात आकडा असतो. रात्री अकराला.

रानवारा

याला माझ्याकडे उत्तर नाही. म्हणूनच म्हणतो, समजावून सांगणारा डॉक्टर आधी, रक्त नंतर. निशिगंध यांच्याकडे असा डॉक्टर आहे, कारण विषय डॉक्टरांनीच काढलाय.

चकली

रात्रीची वेळ झाली, लिहिते. मला पस्तिशी ओलांडल्यावर साखर निघाली. आईला टाइप २, त्यामुळे मलाही तोच, असं सगळ्यांनी धरून चाललं. मी काटकुळी, तरी "गोड कमी करा, चाला" हेच. गोळ्या एकाच्या दोन झाल्या, दोनाच्या तीन, आणि वजन मात्र उतरत चाललेलं. ओळखीचे लोक "काय बारीक झालीस, सांग ना कसं केलंस" म्हणायचे. शेवटी एका नव्या डॉक्टरांनी जीएडी आणि सी-पेप्टाइड सांगितलं. जीएडी ढीगभर, सी-पेप्टाइड तळाला. मोठेपणी हळूहळू येणारा टाइप १, लाडा म्हणतात त्याला. इन्सुलिन सुरू झालं आणि महिन्याभरात माणसात आले.

मुद्दा हा की या तपासण्या फक्त लहान मुलांच्या नाहीत. बारीक अंगाचे, गोळ्यांना दाद न देणारे, घरात थायरॉइडचा इतिहास असलेले 'टाइप २' वाले हा धागा वाचत असतील तर जीएडीबद्दल विचारा डॉक्टरांना.

नाशिकचा लॅबवाला

चकलीताईंनी सी-पेप्टाइडचा विषय काढला, बरं झालं. हा माझा आवडता रेणू.

बीटा पेशी इन्सुलिन थेट बनवत नाही. आधी प्रोइन्सुलिन नावाची लांब साखळी बनते, तिच्यातला मधला तुकडा कापला जातो आणि उरलेलं ते इन्सुलिन. हा कापलेला तुकडा म्हणजे सी-पेप्टाइड. इन्सुलिनचा एक रेणू रक्तात सुटला की सी-पेप्टाइडचाही एक सुटतो, अगदी जोडीने. मग इन्सुलिनच का मोजत नाहीत? कारण इन्सुलिनचा बराचसा भाग यकृतच खाऊन टाकतं आणि पाचेक मिनिटांत ते अर्ध्यावर येतं. सी-पेप्टाइडला यकृत हात लावत नाही, ते अर्ध्यावर यायला अर्धा तास लागतो. आणि बाटलीतल्या इन्सुलिनमध्ये सी-पेप्टाइड नसतं, त्यामुळे इंजेक्शन चालू असलेल्या माणसाचं स्वतःचं इन्सुलिन किती, हे यावरूनच कळतं.

आता रिपोर्ट वाचताना लोक कुठे फसतात ते. सी-पेप्टाइड बघताना त्याच वेळची साखर हवीच. साखर ७० असेल तर निरोगी माणसाच्या पेशीही गप्प बसतात, आकडा कमी येणारच. त्यामुळे जेवणानंतर, साखर १४४च्या वर असताना घेतलेला नमुना जास्त बोलका. मोठ्यांत, इन्सुलिन चालू असताना, अशा वेळी मिलिलिटरला ०.६ नॅनोग्रॅमच्या खाली म्हणजे इन्सुलिन जवळजवळ संपलंय, १.८च्या वर म्हणजे बराच साठा आहे. काही लॅब लिटरमागे नॅनोमोलमध्ये देतात, तिथे तेच ०.२ आणि ०.६ होतात. एकक न बघता दोन रिपोर्टांची तुलना करून घाबरलेली माणसं काउंटरवर बघितलीत. किडनी कमजोर असेल तर आकडा उगाच फुगतो. आणि डीकेएतून नुकतंच उठलेल्या मुलाचं लगेच करू नये. जास्त साखरेने पेशी बधिर झालेल्या असतात, काही आठवड्यांनी त्यातल्या काही पुन्हा कामाला लागतात.

धाकट्याचं सी-पेप्टाइड आज केलंत तर मात्र ते नॉर्मलच येईल आणि त्यातून काहीच कळणार नाही. स्वादुपिंडाकडे एवढी शिल्लक असते की बऱ्याच पेशी गेल्या तरी उरलेल्या काम ओढतात. ते उशिरा पडतं. त्याच्या थोडं आधी बदलतं ते प्रोइन्सुलिन आणि सी-पेप्टाइड यांचं गुणोत्तर. दमलेल्या पेशी कापाकापी अर्धवट सोडून कच्चा माल बाहेर ढकलतात. अँटिबॉडी असलेल्या ज्यांना पुढे मधुमेह झाला, त्यांच्यात हे गुणोत्तर वर्षभर आधी वाढलेलं दिसलं, लहान मुलांत जास्तच. २०१६ चा अभ्यास. पण ते अजून संशोधनातच आहे, तुमच्या गल्लीतल्या लॅबमध्ये मागू नका.

रानवारा

काकांच्या लिखाणाला एक पुरवणी. 'मग एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज) करू' असं कुणी म्हणेल. मुलांत सुरुवातीच्या काळात तो फार उशिरा हलतो. त्यात आमच्या भागात सिकलसेल हा लाल पेशींचा आनुवंशिक आजार बराच आढळतो. लाल पेशी लवकर फुटत असतील तर एचबीए१सी खोटाच कमी येतो. लोहाची कमतरता असेल तर उलट, वाढीव येतो. आपल्याकडच्या मुलांत या दोन्हींपैकी काहीतरी असण्याची शक्यता बरीच, त्यामुळे नुसत्या त्याच्यावर विसंबू नये.

दुसरं म्हणजे आपल्या मुलांत टाइप १ असूनही अँटिबॉडी न सापडण्याचं प्रमाण युरोपातल्यापेक्षा जास्त आहे, असं अनेक ठिकाणी दिसलंय. म्हणजे निगेटिव्ह आलं तरी तहान-लघवीकडे लक्ष हवंच. पुण्याचं केईएम रुग्णालय, हैदराबादची सीसीएमबी ही संशोधन संस्था आणि इंग्लंडचं एक्सेटर विद्यापीठ यांनी मिळून २०२० मध्ये दाखवलं की युरोपीय लोकांवरून बनवलेला टाइप १ चा जनुकीय गुणांक (जनुकांवरून काढलेला धोक्याचा आकडा) भारतीयांतही टाइप १ आणि टाइप २ वेगळे करायला कामी येतो, जरा कमी नेमकेपणाने का होईना. अँटिबॉडी जिथे गोंधळ घालतात तिथे हा उपयोगी पडू शकेल.

निशिगंध

केवढं लिहिलंत सगळ्यांनी! काका, डीएनएचं राहिलं. आणि मधुमेह पुढे ढकलणारं औषध निघालंय म्हणतात, त्याचं काय?

म्युनिककर

औषधाचं मी लिहिते. टेप्लिझुमॅब. १४ दिवस रोज शिरेतून द्यायचं. टी-पेशींना शांत करतं. २०१९ मध्ये ७६ जणांवरचा अभ्यास आला, दुसऱ्या टप्प्यातले सगळे, मधुमेहींचे नातेवाईक. औषध न मिळालेल्यांपैकी निम्म्यांना साधारण दोन वर्षांत मधुमेह झाला, मिळालेल्यांत निम्मे व्हायला चार वर्षं लागली. अमेरिकेत नोव्हेंबर २०२२ मध्ये मान्यता मिळाली, आठ वर्षांवरच्यांसाठी. तेव्हा तिथली छापील किंमत पूर्ण कोर्सला १,९३,९०० डॉलर होती. बरं करत नाही, लांबवतं. पण आठव्या वर्षीऐवजी दहाव्या वर्षी सुया सुरू होणं ही छोटी गोष्ट नाही, हे टाइप १ च्या कुठल्याही आईला विचारा.

टोणगा

दोन लाख डॉलर. ठीक. माझं मत आहे तिथेच आहे, पण डीकेएचा मुद्दा मान्य.

नाशिकचा लॅबवाला

डीएनएचं. कल्पना सुंदर आहे, म्हणून ती वर्तमानपत्रांत जाते.

शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत इन्सुलिनचं जनुक असतं, पण बहुतेक पेशींत त्यावर मिथाइल नावाच्या रासायनिक गटाचे शिक्के मारून ते बंद केलेलं असतं. बीटा पेशीत ते चालू असल्यामुळे शिक्के नसतात. पेशी मेली की तिच्या डीएनएचे तुकडे रक्तात येतात. मग रक्तात बिनशिक्क्याचं इन्सुलिन जनुक सापडलं म्हणजे बीटा पेशी मेली. २०११ मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या गटाने हे मांडलं आणि नव्या मधुमेहींत ते वाढलेलं दिसलं. सगळे खूश.

पुढे जेरुसलेमच्या गटाने एकाऐवजी सहा जागा एकदम तपासणारी, फार बारीक पद्धत बनवली. मधुमेह नसलेल्या माणसांत मिलिलिटरमागे सरासरी एका बीटा पेशीइतका डीएनए सापडला. आयलेटचं प्रत्यारोपण झालेल्यांत तो ठसठशीत वाढलेला दिसला, म्हणजे पद्धत चालते. पण अँटिबॉडी असलेल्यांत नाही, नव्या मधुमेहींत नाही, जुन्यांतही नाही. २०२० चा निबंध. आधीच्या निकालांच्या बरोब्बर उलट.

असं का? माझ्या मते हिशेब साधा आहे. मिलिलिटरभर प्लाझ्मात (रक्ताच्या पेशीविरहित द्रवात) हजारभर पेशींचा डीएनए तरंगत असतो, जवळजवळ सगळा रक्तपेशींचा. बीटा पेशी मुळात कमी, त्या वर्षानुवर्षं थोड्याथोड्या मरणार, आणि हे तुकडे तास-दोन तासांत साफ होतात. नमुना घेतला त्या क्षणी नळीत एखादा तुकडा आला तर आला. मायक्रोआरएनए-३७५ या बीटा पेशींत भरपूर असणाऱ्या छोट्या आरएनएची गोष्टही याच वळणाची. उंदरांना औषध देऊन सगळ्या बीटा पेशी एकदम मारल्या की रक्तात ते उसळतं. माणसात पेशी एकदम मरत नाहीत, आणि ते मायक्रोआरएनए इतर अवयवांतूनही येतं.

तेव्हा ताई, धाकट्यासाठी आज चार अँटिबॉडी, एवढंच. सगळ्या निगेटिव्ह आल्या तर एवढ्यात सी-पेप्टाइडच्या मागे लागू नका.

निशिगंध

डॉक्टरांशी बोलणं झालं. करायचं ठरलं. निगेटिव्ह आलं तर काही वर्षांनी पुन्हा एकदा करू म्हणाल्या. दोन किंवा जास्त आल्या तर ग्लुकोज प्यायला देऊन साखरेची तपासणी आणि मग ठरावीक काळाने पाठपुरावा. सासूबाईंना डीकेए म्हणजे काय ते सांगितलं. थोरलीचे ते दिवस त्यांनीही पाहिलेत, त्या काही बोलल्या नाहीत, येते म्हणाल्या लॅबमध्ये.

उपाशीपोटी न्यायचं का? आणि थोरलीचं सी-पेप्टाइडही त्याच दिवशी करणार आहेत, तिच्यासाठी काही पथ्य?

नाशिकचा लॅबवाला

अँटिबॉडींना उपास लागत नाही, पोराला खाऊ घालून न्या. आमच्या गावासारखं असेल तर जीएडी स्थानिक होते आणि बाकीचे नमुने बाहेरगावी मुख्य लॅबला जातात, म्हणून शनिवारी नेऊ नका, रविवार मध्ये पडतो.

लेकीचं जेवणानंतर करा आणि त्याच सुईत साखरही घ्यायला सांगा. सी-पेप्टाइड साध्या नळीत तासन्‌तास पडलं तर उतरतं, जांभळ्या झाकणाच्या ईडीटीएच्या नळीत बराच वेळ टिकतं. तुमची लॅब कुठली नळी घेते ते विचारून घ्या. आणि ती केसांसाठी किंवा नखांसाठी बायोटिनच्या (एक बी जीवनसत्त्व) गोळ्या घेत असेल तर दोन-तीन दिवस आधी बंद करा. बऱ्याच मशीनवर बायोटिनमुळे सी-पेप्टाइड खोटं कमी दिसतं.

चकली

काका, मी घेते की बायोटिन! मल्टिव्हिटॅमिनमध्येही असतं का?

नाशिकचा लॅबवाला

असतं, पण तिथे मायक्रोग्रॅममध्ये, त्याने सहसा बिघडत नाही. केसांच्या गोळीत पाच-दहा मिलिग्रॅम असतं, ते नडतं. डबी उलटी करून वाचा आणि नमुना देताना टेक्निशियनला सांगा.